तेल खाते का?

लॅबकाकू कुठल्याही गाडीजवळ गेल्या की आधी तिच्या मागे जायच्या. पदर खोचून वाकायच्या, सायलेन्सरची नळी गार आहे ना हे हाताच्या पालथ्या बाजूने बघायच्या, मग उजव्या हाताची तर्जनी आत घालून एक फेरी मारायच्या. बोटाला लागलेली काजळी अंगठ्यावर चोळून नाकाशी न्यायच्या आणि मालकाकडे अशा काही बघायच्या की त्या बिचाऱ्याला शाळेपासूनच्या सगळ्या खोड्या आठवाव्यात. गाडी कोणाची, प्रसंग कुठला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. आमच्या सोसायटीत एकदा लग्नाचा मांडव होता, तेव्हा फुलांनी सजवलेल्या नवरदेवाच्या गाडीमागेही त्या वाकल्या होत्या. "पेट्रोल जास्त पितेय रे, कार्ब्युरेटर दाखवून घे," असं ड्रायव्हरला सांगून त्याच हाताने मांडवात जाऊन अक्षता घेतल्या. त्या जोडप्याच्या डोक्यावर काही काळ्या अक्षता पडल्या. संसार उत्तम चालू आहे.

ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती कधी लागली आणि कशामुळे लागली हे सोसायटीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी ते तीसेक वर्षं कोणाला सांगितलं नाही. हे लिहायला बसलोय ते खरं तर त्यासाठीच.

त्यांचं नाव सुलभा. विलेपार्ले पूर्वेला आमच्या तीन मजली सोसायटीत तळमजल्यावर राहायच्या. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत इंजिन ऑईल बनवणारी एक कंपनी होती, तिच्या प्रयोगशाळेत त्या केमिस्ट होत्या. बाकीच्या बायका बँकेत, शाळेत, टेलिफोनमध्ये जायच्या, या एकट्या "लॅबला" जायच्या, म्हणून लॅबकाकू. तेलाच्या कंपनीत आहेत एवढंच ऐकून माझ्या आईने त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "यंदा शेंगदाण्याचं घेऊ की करडईचं?" काकूंनी जराही न हसता विचारलं, "कशासाठी? तळणीला की फोडणीला?" चांगलं तेल कोणतं, या प्रश्नाला त्यांनी कधी सरळ उत्तर दिलं नाही. "चांगलं तेल असं काही नसतं. कोणासाठी चांगलं, ते आधी सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं एक होतं, "डब्यावरचं चित्र इंजिनात जात नाही."

रविवारी सकाळी त्यांच्या खिडकीखाली गाडीवाल्यांची रांग लागायची. काकू बाहेर यायच्या त्या टीपकागदाचे चौकोन आणि एक लांबट वही घेऊन. इंजिनातलं तेल तपासायची जी पट्टी असते ती बाहेर काढायच्या आणि तिच्या टोकाचा एक थेंब टीपकागदावर अलगद सोडायच्या. तो थेंब वाळेपर्यंत पसरत जातो आणि त्याची वर्तुळं होतात. मधलं काळंभोर असलं तर तेलात घाण साचलीये, बाहेरचं पिवळं नितळ असलं तर तेलात अजून जीव आहे. ते कागद काकू गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायच्या, नातवंडांच्या लाळेऱ्यांच्या शेजारी. आधी हुंगून बघायचा नियमही होता, पण त्या काळी पार्ल्यात कारखान्यातल्या बिस्किटांचा वास दरवळायचा. मग काकू म्हणायच्या, "थांबा जरा, वारा फिरू दे. आत्ता सगळ्याच गाड्या गोड लागतायत."

प्रत्येक कागदावर थेंबाखाली त्या बारीक अक्षरात नोंद करायच्या आणि वाळला की तो वहीत ठेवायच्या. गाडी कोणाची, तेल कुठलं, किती चाललं आणि शेवटी एक प्रश्न, "तेल खाते का?" म्हणजे वरचेवर तेल घालावं लागतं का. गाडी तेल खायला लागली म्हणजे तिचं आतलं सगळं झिजलं, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अशी गाडी लोक घाईघाईने विकून टाकायचे, आणि घेणाराही पहिला प्रश्न हाच विचारायचा. काकूंच्या वहीत त्या उत्तरापुढे आणखी एक गोष्ट असायची. ते उत्तर कोणाचं, हे त्या लिहायच्या. "स्वतः पाहिले" किंवा "मालक सांगतात". प्रयोगशाळेतली शिस्त. "पाहिलेलं आणि ऐकलेलं एका रकान्यात लिहायचं नाही," असं मला त्यांनी एकदा सांगितलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि माझं त्यांच्याकडे फार जाणं-येणं होतं, कारण केमिस्ट्रीत माझी वाट लागली होती आणि त्या ती फुकट शिकवायच्या, वर पोहे द्यायच्या.

अशात माझे बाबा मस्कतहून कायमचे परत आले. येताना त्यांनी तिकडची आपली गाडी आणली. पिस्ता रंगाची, दोन दारांची, बुटकी जपानी गाडी. तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं, त्यामुळे आई उजवीकडे बसायची आणि पार्ल्यातल्या लोकांना वाटायचं आईच गाडी चालवतेय. आई दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून समोर बघत राहायची, त्यामुळे लोक आणखीच घाबरायचे. पण गाडीची खरी मिजास होती तिच्या इंजिनात. त्यात वरखाली होणारे पिस्टन नव्हतेच. शेंगेच्या टरफलासारख्या पोकळीत एक तिकोनी ठोकळा गरगर फिरायचा. बाबा आल्यागेल्याला हे वाटीत समोसा फिरवून दाखवायचे. समोसा थंड व्हायचा, पाहुणा ताटकळायचा, पण बाबांचं इंजिन थांबायचं नाही. "जपान्यांची अक्कल! आवाज ऐका, शिवणयंत्र!" म्हणायचे. सोसायटीने तिचं नाव ठेवलं मस्कतवाली.

आणि ही मस्कतवाली तेल खायची. चांगलं सणसणीत खायची. दर पंधरा-वीस दिवसांनी पट्टीवरची खूण खाली गेलेली असायची. बाबांचा चेहरा ती पट्टी बघताना जसा व्हायचा तसा मी पुढे फक्त एकदाच पाहिला, डॉक्टरांचे रिपोर्ट हातात आले तेव्हा. साऱ्या सोसायटीला समोसे दाखवून झाले होते, आता गाडी तेल खाते हे कोणत्या तोंडाने सांगणार? गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक होतं, पण ते अरबीत. मग बाबांनी युक्ती काढली. तेलाचा डबा आणायला ते मला पार्ल्यात नाही, अंधेरीला पाठवायचे, जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. मी डबा कापडी पिशवीत घालायचो आणि वर मेथीची जुडी ठेवायचो. दुपारी सोसायटी वामकुक्षी घेत असताना खाली जाऊन मी तेल ओतायचो आणि रिकामा डबा पुन्हा मेथीखाली घालून स्टेशनजवळच्या कचऱ्यात टाकायचो. आई म्हणायची, "या महिन्यात किती वेळा मेथी?" बाबा म्हणायचे, "खा गं, लोह असतं."

बाबा काकूंच्या रविवारच्या रांगेत कधी जायचे नाहीत. पण एका उन्हाळ्यात गाडी घेऊन कोकणात मामाकडे जायचं ठरलं, आणि आईनेच आग्रह धरला की लांबचा प्रवास आहे, सुलभाताईंना एकदा दाखवा. नाही म्हणायला कारण सापडेना. त्या रविवारी काकू वही घेऊन मस्कतवालीपाशी आल्या तेव्हा मी हातात फडकं घेऊन उभा होतो. त्यांनी असलं इंजिन कधी पाहिलं नव्हतं. लहान मुलीसारख्या हरखून त्या भोवती फिरल्या. थेंब घेतला. मग सहज मागे गेल्या आणि सायलेन्सरपाशी वाकणार एवढ्यात बाबा पुढे झाले.

"अहो ताई, राहू द्या, हात काळे होतील. आत्ताच पॉलिश केलंय."

काकू संकोचून सरळ झाल्या. परदेशातून आलेली गाडी, समोर मालक उभा, आणि आपण तिच्या नळीत बोट घालायचं म्हणजे कसंसंच. त्यांनी वही उघडली.

"तेल खाते का?"

"छे छे!" बाबा हसले. "जपानी आहे. थेंबभर नाही खात."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय रे नंदू?"

मी बाबांकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. म्हणालो, "नाही काकू."

काकूंनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबमधून एक नवा डबा आणला. खूप दिवस टिकणारं, भारी तेल, त्या काळी बाजारात दिसायचंही नाही असं. "तेल खात नाही म्हणताय, मग हे घाला आणि सहा महिने बॉनेट उघडूही नका," असं त्यांनी हौसेने सांगितलं. आणि बाबांनी ते अक्षरशः पाळलं. मला आज वाटतं, त्यांना तेवढंच हवं होतं. ती पट्टी पुन्हा बघायची नाही. नव्या तेलाने गाडीची खोड गेली, असं त्यांनी स्वतःला पटवून दिलं. मेथी बंद झाली. मीही सुटलो असंच मला वाटलं.

दीडेक महिन्याने, मामाकडे जाताना, मस्कतवाली कशेडी घाटात बसली. तेलाचा लाल दिवा लागेपर्यंत फार उशीर झाला होता. आई-बाबा एसटीने परत आले आणि गाडी तीन दिवसांनी ट्रकवर चढून आली. ती कंपाउंडात उतरवत असताना सगळी सोसायटी गॅलऱ्यांत उभी होती आणि काकू नेमक्या भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आत येत होत्या. बाबा सगळ्यांसमोर ओरडले, "तुमच्या तेलानं माझी गाडी खाल्ली! कसल्या केमिस्ट हो तुम्ही?"

काकूंनी ट्रकबरोबर आलेल्या माणसाला फक्त एवढंच विचारलं, "आत तेल किती निघालं?"

"थेंब नाही, बाई. कोरडं ठाक."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शिकवताना उत्तर चुकलं की ज्या नजरेने त्या थांबायच्या, अजून एक संधी देत, तशी ती नजर होती. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. मग त्या पिशवी उचलून घरात गेल्या.

त्यानंतरच्या रविवारी खिडकीखाली दोन गाड्या आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी एकही नाही. "बाईंनी मस्कतवाली बसवली" हे वाक्य सोसायटीत रुळलं आणि पोरंसोरंही ते म्हणायला लागली. काकू मात्र दर रविवारी ठरल्या वेळी बाहेर येत राहिल्या. स्वतःच्या गाडीचा थेंब घ्यायच्या, एकच कागद दोरीला लावायच्या. मी वरून बघायचो. दोरीवरचा तो एकुलता कागद बघून मला रडू यायचं आणि तरी मी खाली गेलो नाही. केमिस्ट्रीला क्लास लावला. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा मात्र न चुकता यायचा, आणि आई तो कधी रिकामा परत पाठवायची नाही. बाबाही त्यातली चकली खायचे. शेवटच्या आजारपणात एका दुपारी त्यांनी अचानक विचारलं होतं, "सुलभाताई बऱ्या आहेत ना?" मी म्हटलं, "बोलवू का?" त्यांनी कूस बदलली.

बोट घालायची सवय काकूंना लागली ती याच काळात. आधी दुसऱ्यांच्या गाड्यांना त्या चोरून बोट लावायच्या, पुढे वय झालं तशा उघड उघड. लोकांना वाटलं, बाई म्हातारपणी चळल्या. कोणी हसून पुढे जायचं, कोणी ओरडायचं.

बाबा गेल्यावरही मस्कतवाली कंपाउंडाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. मांजरींच्या कित्येक पिढ्या तिच्यात जन्मल्या. दोन वर्षांपूर्वी सोसायटीने नोटीस लावली, "भंगार वाहन हटवावे." मला कुठून ईर्षा आली कोण जाणे. जपानहून सुटे भाग मागवले, मरोळच्या एका मेकॅनिकला गाठलं. त्याने इंजिन उघडलं, मोबाइलवर चार रात्री वाचन केलं आणि मला बोलावून त्या पोकळीतलं एक बारीक छिद्र दाखवलं.

"साहेब, ये देखो. इथून तेल आत सोडतात, मुद्दाम. तिकोनाच्या टोकांना पट्ट्या आहेत ना, त्या सुक्या घासल्या तर खलास. म्हणून थोडं थोडं तेल जायचं आणि पेट्रोलबरोबर जळायचं. ही गाडी तेल खाणारच. बनवलीच तशी आहे."

मी त्या छिद्राकडे बघत उभा राहिलो. बाबांनी ज्या गोष्टीची एवढी लाज बाळगली, जिच्यापायी मी मेथीचं ओझं वाहिलं आणि काकूंचं नाव गेलं, ती मुळात लाजेची गोष्टच नव्हती. गाडी ठणठणीत होती. भूक लागली की जेवत होती इतकंच.

"आता तेल कुठलं घालायचं?" मी विचारलं.

"तेच तर! इंटरनेटवर दहा लोक दहा तेलं सांगतात. कोणी जाणकार असेल तर विचारा."

जाणकार एकच होता. काकू तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या, गुडघे गेलेले, कानाला यंत्र. मी गाडी ढकलत त्यांच्या गॅलरीसमोर आणून उभी केली आणि दार वाजवलं. त्या काठी टेकत आल्या, सोबत वही. पहिल्यांदा मागे गेल्या. काठी माझ्या हातात दिली, वाकल्या, बोट घातलं. या वेळी मी "हात काळे होतील" म्हटलं नाही. त्यांनी बोट हुंगलं आणि वही उघडली.

"तेल खाते का?"

"खाते, काकू." "तेव्हाही खायची. दर पंधरा दिवसांनी मीच डबा आणून ओतत होतो. बाबा खोटं बोलले. मीही खोटं बोललो."

काकूंनी शांतपणे लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "माहीत आहे रे."

"कधीपासून?"

"गाडी ट्रकवरून परत आली त्याच आठवड्यात गॅरेजला गेले होते मी. उघडलेलं इंजिन बघितलं, ते छिद्र बघितलं. दोन मिनिटांत कळलं."

"मग बोलला का नाहीत कोणाला? सगळी सोसायटी तुम्हाला..."

"काय बोलणार? तुझ्या बाबांची गाडी गेलीच होती. वर त्यांचा शब्दही जाऊ द्यायचा?" त्यांनी बोटाची काजळी पदराला पुसली. "आणि चूक माझीपण होती ना. बोट घालायला वाकले होते आणि भिडेखातर उठले. ऐकलेलं लिहिलं, पाहिलं नाही. त्याची शिक्षा मी माझी मला दिली. तू कशाला एवढी वर्षं उपाशी राहिलास? यायचंस की पोहे खायला."

मी सगळ्यांना सांगतो, असं म्हटलं तर त्यांनी हात झटकला. "आता राहिलंय कोण? राहू दे. चल, तेलाचं बघू." आणि मी, नेहमीसारखा, राहू दिलं.

पुढचे तीन दिवस मी काकूंना पुन्हा लॅबमध्ये पाहिलं. म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरात. माझ्याकडून त्यांनी तीन प्रकारची तेलं मागवली. एक सगळ्यात महागडं, एक ट्रकसाठीचं आणि एक साधं, पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना चालणारं. मग कपाटातून चिनीमातीच्या तीन बारक्या मुशी काढल्या, लॅबमधून निवृत्त होताना मिळालेल्या. प्रत्येकीत मोजून तेवढेच थेंब घातले आणि गॅसच्या बारीक आचेवर ती तेलं पार जाळून टाकली. घरभर असा वास सुटला की त्यांची मुलगी अंजली तोंडाला ओढणी लावून बाहेर आली. "आई, अगं शेजारचे फायर ब्रिगेडला बोलावतील!" काकूंनी तिला खिडकी उघडायला लावली आणि मला मुशी दाखवल्या. ट्रकच्या तेलाची राख सर्वांत जास्त, महागड्याची त्याखालोखाल, साध्याच्या तळाशी मात्र नुसता डाग.

"जन्मभर मी काय केलं? तेल जळू नये, टिकावं, हे बघितलं. त्यासाठी त्यात नाना औषधं घालतात. दुसऱ्या इंजिनाला ती अमृत आहेत. पण हिला तेल जाळायचंच आहे. तेल जळून जातं, औषधांची राख मागे राहते, ती त्या पट्ट्यांत अडकते. तेव्हा हिच्यासाठी तेल कसं टिकतं ते बघायचं नाही, कसं जळतं ते बघायचं. समईत घालतो तसं. काजळी धरत नाही ते आपलं." त्यांनी साध्या डब्यावर बोट ठेवलं. "हे घाल. लवकर लवकर बदल. आणि दर दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना पट्टी बघायची. कमी झालं असेल तर सगळ्यांसमोर ओतायचं."

तेल घालून आम्ही पहिली फेरी मारली ती मरोळपर्यंत. काकू उजवीकडे बसल्या होत्या, जिथे आई बसायची. सिग्नलला एका रिक्षावाल्याने ऐंशी वर्षांची बाई गाडी चालवतेय असं समजून हात जोडले, तर काकूंनी रुबाबात मान हलवली. त्यांची लॅब होती तिथे आता काचेची इमारत उभी आहे. काकूंनी काच खाली केली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "आवाज ऐक रे. खरंच शिवणयंत्र. तुझे बाबा काही सगळंच खोटं बोलत नव्हते."

गेल्या वर्षी काकू गेल्या. झोपेतच गेल्या. तेराव्यानंतरच्या रविवारी सोसायटीने कंपाउंडात खुर्च्या मांडून छोटीशी सभा ठेवली. त्याआधी अंजलीने मला एक लिफाफा दिला. "आईने तुझं नाव घालून ठेवलं होतं, पण काय आहे कळत नाही. एक जुना टीपकागद आहे." मी तो उघडला आणि तसाच खुर्चीवर बसलो.

सभेत सेक्रेटरी देसाई प्रेमाने बोलले. देसाई आमच्याच पिढीचे, माझ्यासारखेच इथे वाढलेले. काकूंच्या बोटाच्या गोष्टी सांगून त्यांनी सगळ्यांना हसवलं. शेवटी म्हणाले, "एवढ्या हुशार बाई, पण आमच्या नंदूच्या वडिलांच्या गाडीचं तेवढं त्यांच्याकडून चुकलं. असो. माणूस म्हणजे..."

"चुकलं नव्हतं," मी उभा राहून म्हणालो.

सगळे वळले. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, पण गॅलऱ्यांत उभी असलेली तेव्हाची सगळी सोसायटी मला दिसत होती. मी तो कागद वर धरला. मध्ये जुना तपकिरी थेंब, त्याची फिकट वर्तुळं, खाली काकूंचं बारीक अक्षर. मी मोठ्याने वाचलं. गाडीचं नाव, बाबांचं नाव, आणि शेवटची ओळ. "तेल खाते का? नाही. मालक आणि मुलगा सांगतात."

"हा कागद त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून होता," मी म्हणालो. "हा दाखवला असता तर त्याच दिवशी त्या सुटल्या असत्या. तो मुलगा मी. गाडी तेल खायची. बाबांना लाज वाटत होती आणि मला हिंमत नव्हती. काकूंनी बरोबर प्रश्न विचारला होता. आम्ही दोघं खोटं बोललो."

देसाईंनी चष्मा काढून पुसला. अंजली उठून माझ्यापाशी आली, तो कागद हातात घेऊन तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि मग मला धरून ती पहिल्यांदा मोकळेपणाने रडली. मीही रडलो.

सभा संपल्यावर मी खिशातलं पेन काढलं. त्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "खाते. स्वतः पाहिले." आणि सही केली. भंगार हटवण्याची नोटीस जिथे लागली होती त्याच काचेच्या फळ्यावर देसाईंनी चावी आणून तो कागद स्वतः लावला.

परवा रविवारी खाली मस्कतवालीचं तेल बघत होतो. थोडं कमी झालं होतं, डबा काढून ओतायला लागलो. नव्याने राहायला आलेले दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ येता येता थांबले. "का हो," त्यांनी काळजीने विचारलं, "तेल खाते का?"

"हो," मी म्हणालो. "खाते."